वहिनींच्या कललेल्या दगडांची हकीकत

तीर्थरूप वहिनींच्या चरणी धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे हल्ली माझ्या आज्ञेबाहेर आहेत, ती वगळून बाकीची मनोभावे वाकली आहेत असं समजावं.) इकडील सर्व क्षेम. हे वाक्य आरंभी घालावं लागतं म्हणून घातलं. त्यावर भार देऊन कुणी उभं राहू नये. तुमची कंबर, जावयांचा खोकला आणि लेकीचं ऑफिस या तिघांची प्रकृती आता बरी असेल अशी आशा करतो. नातीला माझे आशीर्वाद सांगा. ती तुमचा चष्मा बाहुलीला घालून बाहुलीलाच 'आजी' म्हणते आणि तुम्हाला नुसतं 'अहो' म्हणते, हे वाचून मला फार बरं वाटलं. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्याला 'अहो' म्हणत आलात. तुम्हाला तसं म्हणणारं कुणी नव्हतं, ती उणीव भरून निघाली.

तुमचं पत्र पोचलं. दादाने ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं, आणि डबीत पत्र गेल्यामुळे चष्मा बाहेर राहिला तो संध्याकाळपर्यंत शोधला. (कपाळावर होता. तुम्हाला वेगळं सांगायला नको.) नंतर पत्र माझ्याकडे आलं. सगळं पत्र नातीचं, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, जिथे माणसं खरं बोलतात तिथे, तुमचं ते वाक्य: माझी बाग कशी आहे ते खरं लिहा, माझ्यावाचून तिचं नीट चाललं असेल तर मी आता इथंच राहावं म्हणते. मी दादाला विचारलं, काय लिहू? तो म्हणाला, "लिही, उत्तम आहे." आणि पाणी पितो म्हणून स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला, पेल्याचा आला नाही.

वहिनी, शाळेतल्या मुलींना संस्कृत शिकवण्यात माझा जन्म चालला आहे, त्यामुळे संकट आलं की मला आधी त्याचं नाव आठवतं आणि उपाय मागाहून, किंवा मुळीच नाही. या संकटाला 'उभयतःपाशा रज्जू' म्हणतात, म्हणजे दोन्ही टोकांना फास असलेला दोर. बाग उत्तम आहे असं कळवावं, तर तुम्ही लेकीकडे कायमच्या राहणार. बाग बिघडली असं कळवावं, तर कुणी बिघडवली हा पुढचा प्रश्न, आणि या घरात आरोपी दोनच. दादाला पहिला फास पसंत आहे. त्याचं म्हणणं, तिथे तिला लिफ्ट आहे, नात आहे, गरम पाणी भिंतीतून येतं. इथे काय आहे, तर आम्ही दोघं. ('आम्ही' हे सौजन्य. मुद्दा 'मी' एवढाच होता, पण मोजणी खात्यात केस पांढरे केलेला माणूस स्वतःला एकट्याला नकाशावर दाखवत नाही.) तुम्हाला 'ये' म्हणणं त्याला हट्ट वाटतो, आणि हट्ट त्याने लग्न झाल्यापासून केलेला नाही, कारण ते खातं तुमच्याकडे होतं. तेव्हा खरं काय ते मीच लिहायला बसलो आहे. तो व्हरांड्यात डुलकी घेतो आहे, मधूनच एक हात हवेत उचलून कुणाला तरी 'जरा डावीकडे' असं खुणावतो आहे, आणि ऊन इतकं पातळ पडलं आहे की त्यात कागद बुडवून काढावा आणि त्यावर आपोआप काहीतरी उमटावं.

घरामागचा उतार तुम्ही ताब्यात घेतलात तेव्हा तिथे बांधकामातून उरलेले दगड होते, एक बूड नसलेली बादली होती आणि दादाचं मत होतं की तिथे काही उगवणार नाही. बादली तुम्ही टाकून दिलीत. दगड एकेक करून लावलेत, मत तसंच राहू दिलंत. फटींमधून खडी मिसळलेली हलकी माती भरलीत आणि त्यात जी रोपं खोवलीत, ती उभं राहायचं नावच घेईनात. दादा रोज सकाळी बघून यायचा आणि जाहीर करायचा, "अजून लोळतायत." मग एका वसंतात उलगडा झाला की ती लोळतच राहणार, तोच त्यांचा पुरुषार्थ. जांभळी, ओव्यासारख्या वासाची थाइम पायरीवरून खाली ओघळली, गुलाबी फ्लॉक्सने मोठ्या दगडावर गोधडी अंथरली, पिवळ्या सेडमला जिथे नखभर माती मिळाली तिथे त्याने तांदळाएवढी पानं मांडून बिऱ्हाड केलं. दगडाच्या चिरेतल्या त्या गुबगुबीत पानांच्या झाडाला आमच्या भाषेत 'पाषाणभेद' म्हणतात हे मी तुम्हाला सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की पाषाण काही भेदलेला दिसत नाही, दोघं एकमेकांना सांभाळून घेताहेत एवढंच. (त्यानंतर मी तुमच्या बागेत व्युत्पत्ती सांगणं बंद केलं.)

आणि मधोमध ती पांढरी. तिचं खरं नाव आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. तुमच्या आईच्या दारातल्या पायरीच्या फटीतून तुम्ही ती ओल्या रुमालात गुंडाळून आणलीत. पुढे त्या दारावरून रस्ता गेला आणि पायरी, दार, फट सगळं डांबराखाली गेलं. तेव्हापासून ती 'माहेरची'. तिच्याबद्दल बोलताना आपण सगळेच आवाज जरा खाली आणतो, घरात पाहुणी झोपलेली असावी तसा.

निघताना टॅक्सी दारात उभी, लेकीचं चाललेलं 'आई, चल ना', आणि तुम्ही एक पाय आत टाकून आम्हाला तीन आज्ञा केल्यात: पाणी कमी, हात कमी, बघणं जास्त. सूत्र म्हणून हे इतकं उत्तम आहे की यावर भाष्य लिहावं. आम्ही लिहिलं. पहारीने.

दादाची पाणसळ तुम्हाला ठाऊकच आहे. ती लाकडी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत बुडबुडा. निवृत्त झाल्यापासून त्या बुडबुड्याला काही काम नव्हतं. एका दुपारी दादा बागेच्या कडेला उभा राहून डोकं एका खांद्यावर, मग दुसऱ्या खांद्यावर असं करत बराच वेळ बघत होता. मला वाटलं, बघणं जास्त, आज्ञापालन चाललंय. पण त्याच्या ध्यानात आलं होतं ते हे की तुमचे सगळेच्या सगळे दगड मागे कललेले आहेत, उताराच्या कुशीत पाठ टेकून. मला ते नेहमी जेवणानंतर आरामखुर्चीत रेललेल्या मामांसारखे वाटत आले. दादाला त्यात हयगय दिसली. त्याची अशी समजूत झाली की तुम्ही दगड लावलेत सरळच, ते तुमच्या नकळत कलंडले, आणि तुम्ही परत येईपर्यंत ते ताळ्यावर आणून ठेवणं हे नवऱ्याचं कर्तव्य. कौतुकाचे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत हे तुम्ही जाणता. त्यांच्या जागी त्याने पहार घेतली. रोज एक दगड उचकटायचा, खाली माती ठोकायची, वर पाणसळ ठेवायची, आणि बुडबुडा मधोमध आला की माझ्याकडे असं बघायचं जणू पृथ्वी आत्ता कुठे स्थिर झाली. मी 'वा' म्हणायचो. (इथे माझाही अपराध आहे. 'वा' हा शब्द मी फार स्वस्त केला आहे. मुलींच्या रूपावलीला, शेजाऱ्यांच्या सतारीला आणि दादाच्या दगडांना एकच.)

दगड सरळ झाले तेव्हा त्याला सरहद्दीचा तंटा दिसला. थाइमचा एक जांभळा पदर माहेरचीच्या अंगावर चढला होता. दादाने खुंट्या ठोकल्या, दोघींच्या मधून दोरी ताणली आणि थाइमला तोंडी समज दिली. मी थाइमची बाजू मांडली. म्हटलं, लोळणाऱ्याला कसली हद्द. जो उभाच राहत नाही तो सीमा ओलांडतो असं म्हणता येईल का, हा प्रश्न दर्शनकारांनाही जड जाईल. दादा म्हणाला, "तू गप्प रे. ही तिच्या माहेरची आहे. हिच्या अंगावर कुणी आलेलं चालणार नाही." वहिनी, ते वाक्य मी इथे जसंच्या तसं उतरवलं आहे, कारण तुमच्यासमोर तो ते कधी म्हणणार नाही. त्यानंतर तो रोज सकाळी कात्री घेऊन दोरीपलीकडे आलेली थाइमची पानं कातरायचा, आणि हाताला तो वास घेऊन चहाला यायचा. त्या दिवसांत आमच्या चहाला, पेपरला, दाराच्या कडीला आणि दादाच्या कपाळाला (चष्मा वर ढकलण्याची सवय) सगळ्याला थाइमचा वास होता. घरात तुम्ही नुकत्याच फिरून गेलात असं वाटायचं, आणि मी दोनदा उगाच 'वहिनी' अशी हाक मारली. दोन्ही वेळा दादाने 'काय?' असं विचारलं नाही.

आता माझं कर्तृत्व. एकट्या दादाला पुण्य का मिळावं म्हणून मी माहेरचीला खत घातलं. कुजलेल्या पानांचं, काळंभोर, चांगलं जाड. ही झाडं खडीवर आणि उन्हावर जगतात, अंगावर जितकं कमी तितकी फुलतात, हे तुम्ही मला सांगितलं होतं. पण वैराग्यावर प्रवचन ऐकणारा माणूस प्रवचन संपल्यावर आधी चप्पल शोधतो. तपस्वी मंडळींना मी मेजवानी दिली. त्यांनी तपश्चर्या सोडली. पानं लांबलचक, फिकट, आळसावलेली आणि फूल एकही नाही; फ्लॉक्स तर अशी सुटली की गोधडी उसवून कापूस बाहेर यावा. शिवाय तुमच्या बुटक्या स्टुलापुढचा तो रुंद दगड, ज्यावर तुम्ही पाय टेकून बसता, त्याच्यावर वर्षांचं किटण चढलेलं मला बघवेना. तुम्ही आलात की स्वच्छ दिसावा म्हणून मी तो कुंचल्याने वरखाली घासून काढला. दादाने सरळ करायला तो उचकटलेलाच होता, तेव्हा मी त्याच्या पोटापाठीचीही आंघोळ उरकली. इतका लख्ख झाला की एक मांजर त्यावरून जाताना थबकलं. हा दगड लक्षात ठेवा.

मग पावसाळी हवेचे काही दिवस आले. तुमच्या काळात पाऊस पडला की दगडांच्या पाठीवरून पाणी मागे घरंगळायचं आणि खोल मुळांकडे मुरायचं. वरची पानं लगेच कोरडी. आता प्रत्येक दगड ताटासारखा सपाट. पाणी त्यावर बसलं, शेजारच्या पानांत बसलं, माझ्या खताने ते धरून ठेवलं, आणि कुणी जायचं नावच घेईना. ऊन परत आलं तेव्हा माहेरची मधोमध काळी पडली होती. मग तपकिरी झाली. मग तिथे ती नव्हतीच, नुसती माती; भोवताली केविलवाणी हिरवी झालर. दादाचं डोकं आणि तुमची माहेरची यांचा नकाशा एकच झाला. यावर मी हसून दाखवलं, तो हसला नाही. फक्त त्या दिवसापासून चहाची खुर्ची फिरवून तो बागेकडे पाठ करून बसायला लागला.

पहिल्या दोन आज्ञा मोडून झाल्यावर माणसाला तिसरी आठवते. बघणं जास्त. एका रविवारी दुपारी मी मागच्या उतारावर जुनी सतरंजी पसरली आणि पालथा झोपलो, कारण ही झाडं उभ्याने बघायची नाहीतच हे मला तेवढ्यात सुचलं. (सुचलं असं मी म्हणतो. खरं तर वाकलो होतो आणि गुडघ्यांनी परत येऊ दिलं नाही.) थोड्या वेळाने दादा बघायला आला, उभा राहिला, म्हणाला, "काय पडलंय?" मी म्हटलं, काही नाही, ये. आणि वहिनी, तो आला. एवढा मोठा माणूस हळूहळू घडी उलगडावी तसा जमिनीवर आला आणि माझ्या शेजारी हनुवटी तळहातावर टेकून पडला.

तिथून जे दिसतं ते तुम्ही इतकी वर्षं स्टुलावरून वाकून बघत होतात, आणि आम्हाला मात्र कधी काही सांगितलं नाहीत. हनुवटी मातीला लागली की वीतभर उंचीचं अरण्य सुरू होतं. थाइमच्या देठांमधून ऊन खाली झिरपतं, त्यात धुळीचे कण सावकाश वर-खाली चाललेले, एखाद्या आश्रमात मंडळी ये-जा करतात तसे. एक मुंगी पाकळी डोक्यावर घेऊन निघाली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघांनी श्वास अडवला होता. मधमाशी उतरली की सगळी झाडी वाकते आणि ती उडाली की बराच वेळ हेलकावत राहते. दगडातलं ऊन पोटात शिरतं. आपण केवढे आहोत ते आपण विसरतो, मग आपण कोण आहोत ते, आणि शेवटी आज रविवार आहे हेही. शेजारी दादा मंद घोरायला लागला. मीही झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या पट्टीत गेलो, जिची मोजणी अजून कुठल्या खात्याने केलेली नाही. तिथे तुम्ही स्टुलावर बसला होतात, पाय त्या रुंद दगडावर, आणि कुणाशी तरी बोलत होतात, हळू, फुलांना ऐकू जाईल एवढंच. मला वाटलं, माझ्याबद्दल बोलताहेत. मग वाटलं, नाही, दादाबद्दल. काय बोलताहेत ते ऐकायला मी कान पुढे केला, आणि

"अहो! पडलात की काय दोघंही?"

शेजारच्या दंतवैद्यबाई. पांढऱ्या अंगरख्यासकट कुंपण ओलांडून धावत आलेल्या, हातात ती त्यांची टोकाला वाकलेली सळई. त्यांच्यामागे कुंपणापाशी एक रोगी, गालात कापूस, डोळे विस्फारलेले. आम्ही पडलो नाही, बघतोय, असं मी सांगितलं. "तोंड उघडं टाकून झोपलेली माणसं बघायची मला सवय आहे," बाई म्हणाल्या, "पण ती निदान खुर्चीत असतात." मी उठायची खटपट करत होतो. दादा मात्र हलला नाही. त्याने नुसता एक हात वर केला, रस्त्यावरची वाहतूक थांबवावी तसा, आणि म्हणाला, "थांबा. कुणी पाय टाकू नका."

त्याला दोरीपलीकडे, थाइमच्या पोटात, काहीतरी पांढरं दिसलं होतं. एक फूल. मग दुसरं. बाईंच्या हातातली सळई मागून घेऊन त्याने थाइमची पानं अलगद बाजूला केली आणि एक सुतासारखी बारीक फांदी त्याला सापडली. ती पलीकडून आली होती; माहेरचीच्या झालरीतून निघालेली, दोरीखालून गेलेली, दगडाला वळसा घातलेली, आणि हर पेऱ्याला खाली एक मूळ सोडत थाइमच्या सावलीत, खडीच्या कोरड्या मातीत जाऊन नांदायला लागलेली. जिथे आमचं पाणी पोचलं नव्हतं, खत पोचलं नव्हतं आणि हात पोचला नव्हता, नेमकी तिथे. म्हणजे खरं अतिक्रमण थाइमने केलंच नव्हतं, वहिनी. तुमच्या माहेरचीने केलं होतं, आणि दादा रोज सकाळी कातरत होता तिच्या यजमानिणीला.

दादाने सळई बाईंना परत दिली. मग एकेक करून खुंट्या उपटल्या आणि दोरी गुंडाळून खिशात टाकली. ज्या माणसाने आखलेल्या हद्दी कोर्टानेही बदलल्या नाहीत, त्याने स्वतःची हद्द स्वतः काढली, आणि बाजूला साक्षीला मी, एक दंतवैद्य आणि एक कापूस घातलेला गाल. "मधे काही राहिलं नाही," दादा म्हणाला, "म्हणून कडेकडेने निघून गेली." मी म्हटलं, निघून गेली नाही, पसरली. "तुला काय कळतंय," तो म्हणाला. पण खुर्ची त्या संध्याकाळी पुन्हा बागेकडे तोंड करून होती.

दगडांचं कोडं दंतवैद्यबाईंनी सोडवलं, तेही जाता जाता आणि रोग्याला 'आलेच हं' म्हणत. प्रत्येक दगडावर एक तिरकी रेघ होती. रेघेखालचा भाग मातीच्या रंगाचा, वरचा उन्हाने विटलेला. "ही हिरडीची रेघ झाली ना," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत तो आत होता. दात असा तिरका आलेला, आणि तुम्ही तो उभा बसवलाय. दुखणारच." दादा दगडाकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "म्हणजे तिने ते मुद्दाम कललेले ठेवले होते?" इतक्या वर्षांच्या संसारात हा शोध त्याला आत्ता लागला, की तुम्ही जे तिरकं ठेवता ते मुद्दाम.

त्या दिवसापासून उलट काम चालू आहे. माझं खत मीच खरवडून काढलं; खडी पुन्हा पसरली. दादा रेघ बघून एकेक दगड मागे रेलवतो. पाणसळ सुटलेली नाही. पण आता बुडबुडा कडेला जाऊन टेकला की त्याला समाधान. 'वाकडेपणाही नेमका हवा,' असं तो म्हणतो, आणि मी 'वा' म्हणत नाही, पुढचा दगड धरून उभा राहतो. मधली मोकळी जागा आम्ही तशीच ठेवली आहे. पालथं झोपण्याचा कार्यक्रम रोज असतो. बाईंनी आता धावत येणं सोडलं आहे, कुंपणावरून नुसतं विचारतात, "आज काय नवीन?" आणि आम्ही सांगतो.

तर वहिनी, बाग कशी आहे याचं उत्तर हे असं पसरट आहे. मधे मोकळं, कडेला हिरवं. मी आग्रह करत नाही. दादाने करू नये असं ठरवलं आहे आणि मी धाकटा आहे. तुम्ही सुखात असाल तिथे राहा, हे मी खऱ्या मनाने लिहितो, आणि लिहिताना खिडकीबाहेर बघतो. तुमचं रिकामं स्टूल तिथेच आहे. त्यावर कुणी बसत नाही. दादा आपला चहाचा कप तेवढा ठेवतो, कानाची बाजू तुमच्या हाताला येईल अशी वळवून, मग आपणच तो उचलून पितो.

जावयांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद, नातीला व तिच्या चष्मेवाल्या आजीला गोड पापा. कळावे.

तुमचा आज्ञाभंजक दीर,
ज्याला तुम्ही 'शास्त्रीबुवा' म्हणता तो

ता. क. दादाने 'उत्तम आहे' असं लिहायला सांगितलं होतं, ते पत्रात कुठे बसलं नाही. इथे लिहितो: उत्तम आहे. मोठ्या भावाची आज्ञा पाळली.

ता. क. २. पाकिटात एक ओला रुमाल असेल, असं दादाला वाटतं आहे. थाइमखाली मूळ धरलेली माहेरचीची एक फांदी त्याने काल फार जपून सोडवली, रुमालात गुंडाळली आणि मला म्हणाला, "हे पत्राबरोबर जाऊ दे. तिथे गॅलरीत कुंडीत लावेल. तिचं तिच्याजवळ असावं." मी 'बरं' म्हटलं. रुमाल मी पाकिटात घातलेला नाही. फांदी पुन्हा होती तिथे लावली आहे. ही गोष्ट मी त्याला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. आणि ती फांदी तिकडे हवीच असेल तर ती टपालाने जात नाही, एवढंच मला त्यातलं कळतं.

ता. क. ३. एवढं लिहून होईतो दादा जागा झाला, खांद्यावरून वाकला आणि सगळं वाचलं. दुसरा ता. क. सुद्धा. रागावला नाही. "त्या दगडाचं लिही," म्हणाला, आणि बाहेर गेला. तेव्हा लिहितो. सगळे दगड आता पूर्वीसारखे कलले आहेत, एक सोडून. तुमच्या पायाखालचा तो रुंद दगड. त्यावरची रेघ मी घासून काढली, हे तुम्ही लक्षात ठेवलंच असेल. दादा दोन दिवस तो हलवतो आहे. थोडा मागे, थोडा डावीकडे, मग स्टुलावर बसायचं सोडून शेजारी उकिडवा बसतो आणि डोकं हलवतो. मी म्हटलं, वहिनींना पत्रातून विचारू या का, किती कललेला होता? तो म्हणाला, "तिला सांगता यायचं नाही. तिच्या पायांना ठाऊक असेल."

दगड अजून बाजूलाच आहे. खालचा खड्डा उघडा आहे आणि पहार त्याच्या हातात.